भिकनआप्पा ओळख करून देतात

सुरतेजवळ कोसाडच्या आवासात, म्हणजे सरकारी घरांच्या वसाहतीत, लग्न असो, साखरपुडा असो, नाहीतर गणपतीतलं बक्षीसवाटप, माइक एकाच माणसाच्या हातात असतो. भिकनआप्पा भदाणे. मूळचे शिंदखेड्याकडचे. सचिन नावाच्या गावातल्या डाइंग मिलमध्ये फोल्डिंग खात्यात त्यांनी उभी हयात साड्यांच्या घड्या घातल्या. घडी अशी घालायची की डाग आतल्या बाजूला जाईल आणि पदर वर येईल. मिलमधून सुटले तरी हात ती सवय विसरले नाहीत, फक्त साड्यांच्या जागी माणसं आली.

सुरतेतल्या खान्देशी समाजाचा वधू-वर परिचय मेळावा आप्पांशिवाय होत नाही. मुलगा रिकामा बसलेला असेल तर आप्पा सांगतात, "चिरंजीव सध्या कामाची निवड करत आहेत." वर्षात तीन कंपन्या सोडलेल्याला "विविध कंपन्यांचा अनुभव" असतो. टक्कल पडलेल्याला भव्य कपाळ असतं. आणि ज्याच्याविषयी बोलण्यासारखं काहीच सापडत नाही, तो "घरंदाज" असतो. खोटं म्हणाल तर एक अक्षर नाही. आप्पांचं म्हणणं असं की माणसाला चार लोकांत उभं करायचं तर त्याला आधी इस्त्री नको का करायला?

त्यांची बायको उषाबाई या इस्त्रीला कंटाळलेली होती. "एकदाव तरी जसं शे तसं सांगी देखा," ती म्हणायची. आप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. चाळीस वर्षांच्या संसारात ही कला त्यांनी माइकपेक्षाही जास्त मेहनतीने कमावली होती.

अशा माणसाच्या घरात नात जन्मली ती चंचल. नाव ठेवणाऱ्याचा अंदाज इतका चुकलेला दुसरा नमुना आवासात नाही. पोरगी चार शब्दांच्या जागी दोन बोलायची आणि तेही विचारल्यावर. पाहुणे आले आणि "काय गं, कितवीत?" म्हणाले की ती "बारावी" म्हणून गप्प. पुढचं आप्पा सांगायचे. शाळा, टक्के, बाईंनी केलेलं कौतुक, सगळं. त्यामुळे अठरा वर्षांत चंचलला स्वतःविषयी बोलायची वेळच आली नव्हती. आजोबा होते ना.

आणि आता ती वेळ आली होती. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत चंचलला मार्क चांगले पडले, पण गुजरातच्या सरकारी कॉलेजांची यादी तिच्या नावाच्या थोडी अलीकडेच थांबेल असा सगळ्यांचा हिशेब होता. पैशांच्या कॉलेजाचं नाव घरात कुणी काढत नव्हतं. तिचा बाप योगराज इच्छापोरच्या एका कंपनीत कंत्राटावर कामाला, त्याच्यापुढे ते नाव काढणं म्हणजे त्याला उगाच शरमिंदा करणं. राहिलं एकच दार. पुण्याला फौजेसाठी डॉक्टर तयार करणारं कॉलेज होतं. तिथे फी नव्हती, पण मार्क बघून झाल्यावर समोर बसवून मुलाखत घ्यायचे, आणि तिचेही मार्क धरायचे. तिथून चंचलला बोलावणं आलं.

"पहिला प्रश्न ठरलेला असतो," क्लासचे नरेंद्र सर म्हणाले. "स्वतःविषयी सांगा. तिथेच निम्मं काम होतं. ही मुलगी तोंड उघडेल ना?"

आप्पा हसले. इतकी वर्षं लोकांच्या पोरांची ओळख करून देताना देवाने आपल्याला कशासाठी तयार केलं होतं, ते त्यांना त्या क्षणी कळलं.

त्या दिवसापासून घरात शिकवणी सुरू झाली. आप्पांनी ओळख स्वतः बांधली होती. चंचल खुर्चीत, आप्पा समोर पलंगावर. "मी चंचल योगराज भदाणे. मूळ गाव तालुका शिंदखेडा. माझे मामकूळ कापडण्याचे. माझे आजोबा भिकन भदाणे हे समाजात सुपरिचित असून घराणं निर्व्यसनी आहे. माझा स्वभाव मनमिळाऊ. वाचन, रांगोळी आणि वडीलधाऱ्यांची सेवा या माझ्या आवडी."

"आप्पा, तठे लगीन नही जमाडतस," चंचल म्हणाली.

"मानूसनी वळख सगळीकडे सारखीच ऱ्हास," आप्पा म्हणाले. "आनि आवाज वर काढ."

आवाज काही वर येईना. तिसऱ्या वाक्यापाशी तो खाली जायचा आणि मनमिळाऊ स्वभावापर्यंत पोचेपर्यंत नाहीसा व्हायचा. आप्पांनी निदान केलं की पोरीला चार लोकांची भीती आहे, आणि ती मोडायची तर चार लोकांतच उभं करायला हवं. इथवर त्यांची अक्कल ठिकाणावर होती. पुढे ती सुटली.

त्या रविवारी उधन्याच्या वाडीत, म्हणजे आपल्याकडे ज्याला मंगल कार्यालय म्हणतात तिथे, परिचय मेळावा होता. माइक आप्पांचाच. मंच आहे, खुर्च्या आहेत, समोर भरपूर लोक आहेत. सरावासाठी याहून चांगली जागा कुठली? पोरीला अठरा पूर्ण झालेली, म्हणजे नियमातही बसत होतं. आप्पांनी गुपचूप तिचं नाव नोंदवलं आणि घरी सांगितलं की गुणवंतांचा सत्कार आहे, चांगला ड्रेस घाल.

वाडीच्या दारात एका बाईंनी चंचलच्या ओढणीला बिल्ला टाचला. त्यावर "वधू" असं लिहिलेलं वाचून होईपर्यंत आप्पांनी माइकवरून तिचं नाव पुकारलं होतं. आता सगळ्यांसमोर आजोबाशी भांडायचं की मंचावर जायचं? ती मंचावर गेली. रागाने म्हणा, घाबरून म्हणा, तिने पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं. मामकूळ, रांगोळी, सेवा, काही राहिलं नाही. आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. टाळ्या पडल्या. वरून आप्पांनी स्वतःची भर घातली ती वेगळीच. बोलायच्या ओघात "होणाऱ्या डॉक्टर" असंही ते म्हणून गेले.

रिक्षात चंचल एक शब्द बोलली नाही. पण ती तशीही बोलत नसे, त्यामुळे आप्पांना ती रागावली आहे हे घरी पोचेपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. मुलगी सुशील, घराणं सुपरिचित, वर डॉक्टरकीची वाट. कोण सोडतंय? एक फोन नवापूरहून आला, एक थेट बडोद्याहून. आप्पा प्रत्येकाला "कळवतो" म्हणत होते आणि प्रत्येक "कळवतो"गणिक खाली बसत होते. सराव होता असं सांगायचं तर समाज म्हणणार, आप्पांनी मेळाव्याचा खेळ केला. उद्या माइकला हात लावू देणार नाहीत. आणि न सांगावं तर पोरगी उजवावी लागणार. त्यात पुण्याच्या कॉलेजची अट होती की विद्यार्थी लग्न न झालेला हवा. आप्पांची बोलती बंद होण्याचा तो पहिला आठवडा. उषाबाईंनी तो मनापासून साजरा केला.

त्यातले गजेंद्रभाऊ फोनवर थांबणारे नव्हते. सचिनला त्यांचं साड्यांना लेस लावायचं कारखान्याएवढं नसलं तरी कारखान्यासारखं काहीतरी होतं. बायको नूतनबाई आणि मुलगा चेतन यांना घेऊन ते सरळ कोसाडला आले. "चहा पिवाले उनूत," म्हणत बसलेसुद्धा. चेतन मोबाइलमध्ये बघत होता. आप्पांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली की आमची चंचल लहानपणापासूनच अत्यंत...

"आप्पा, मी सांगस," चंचल म्हणाली.

खोलीत सगळे तिच्याकडे बघायला लागले. उषाबाई पोह्यांची ताटली हातात घेऊन दारातच थांबली.

चंचलने सांगितलं की मेळाव्यात ती बोलली ते आप्पांनी लिहिलेलं होतं. रांगोळी तिला येत नाही. स्वभाव मनमिळाऊ नाही, राग येतो आणि तो दोन दोन दिवस राहतो. स्वयंपाकात भात तेवढा जमतो. लग्न आता करायचं नाही, डॉक्टर व्हायचं आहे, आणि ते का, तेही तिने सांगितलं. ती नववीत असताना आजीच्या पोटात दुखायचं. आप्पा तिला नाक्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेले, सोबत चंचलही होती. डॉक्टरने काय होतं विचारल्यावर आप्पा म्हणाले, आमच्या मंडळींची सहनशक्ती दांडगी, तक्रार म्हणून नाही, जरा अपचन असेल. आजीनेही मान हलवली. डॉक्टरने ॲसिडिटीच्या गोळ्या लिहिल्या. तेव्हा चंचल मागून गुजरातीत म्हणाली, साहेब, हे दोघंही खोटं सांगतायत. आजी चार दिवस जेवली नाही, पिठाचा डबा उचलताना खाली बसते, आणि आम्ही बघितलं की हसते. डॉक्टरने गोळ्यांचा कागद बाजूला ठेवला आणि आजीला नीट तपासलं. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले, पिशवी सुजली होती. आणखी उशीर केला असता तर जिवावर बेतलं असतं, असं ऑपरेशन करणारे म्हणाले.

"लोके डॉक्टरले खरं सांगतस नही," चंचल म्हणाली. "लाज वाटस, नही ते भ्याव वाटस. माले ते समजस. कोन काय मनमा दपाडी राहिना ते माले दिससच. म्हनीसन माले डॉक्टर व्हनं शे."

आप्पांच्या तोंडाचं पाणी पळालं. ही गोष्ट त्यांनी आजवर कितीतरी वेळा सांगितली होती. त्यांच्या गोष्टीत आप्पांनी प्रसंगावधान राखून बायकोला वेळेवर दवाखान्यात नेलेलं असायचं आणि चंचल त्यात कुठेच नसायची. आता गजेंद्रभाऊ उठून जाणार, आणि उद्या अख्ख्या सचिनमध्ये ही गोष्ट होणार, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

गजेंद्रभाऊ उठले नाहीत. त्यांनी पोहे खाल्ले, आणखी मागून घेतले. नूतनबाई पाणी प्यायच्या निमित्ताने चंचलला घेऊन आत गेल्या आणि बराच वेळ तिच्याशी हळू आवाजात बोलत राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचं आणि चंचलचं बुधवारी दवाखान्यात जायचं ठरलं होतं. काय दुखत होतं ते त्यांनी नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं, असं नंतर कळलं. चेतनने मोबाइल कधी खिशात ठेवला होता ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

निघताना गजेंद्रभाऊंनी आप्पांना जिन्यापाशी बाजूला घेतलं. "आप्पा, मेळावामा तुमी सांगी ती पोर कोनती व्हती माले माहीत नही," ते म्हणाले. "पन हाई पोर तिनापेक्षा चांगली शे."

आप्पा तिथेच कठड्याला धरून उभे राहिले. पोरीच्या अंगावर त्यांनी कुठला डाग बघितला होता, जो आत घालायला ते इतके झटत होते? त्यांना एकही सापडेना. त्यांना फार वाईट वाटलं. वर आल्यावर त्यांनी पलंगाखालचा, ओळख लिहिलेला कागद काढला आणि त्यावर मिरच्या वाळत घालायला उषाबाईंना देऊन टाकला. शिकवणी बंद झाली.

पुण्याला चंचलबरोबर आप्पाच गेले, कारण योगराजला सुट्टी मिळाली नाही. कॉलेजच्या आवारात पालकांसाठी खुर्च्या मांडलेल्या होत्या. शेजारी एक गृहस्थ बसले होते, कुठल्याशा शहरातले मोठे सर्जन. ते त्यांच्या मुलीविषयी सांगू लागले. पोहण्यात पदकं, पियानो, वादविवाद स्पर्धा. आप्पांच्या आत एक नंबरचं वाक्य तयार झालं. ते ओठांपर्यंत आलंही. मग ते गिळून आप्पा म्हणाले, "आम्ही सुरतहून आलोय." आणि चंचल बाहेर येईपर्यंत गप्प बसले. त्यांच्या आयुष्यात हा विक्रम होता, पण बघायला उषाबाई नव्हती.

चंचल बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळायची सोय नव्हती. "व्हयनं," ती म्हणाली.

"काय इचारं?"

"जे इचारतस ते."

सुरत येईपर्यंत आप्पांनी वेगवेगळ्या वाटांनी विचारून पाहिलं. चंचलने दिलं ते सगळं मिळून एक वाक्य होईल इतकंच.

पहिली यादी लागली. तिच्यात चंचलचं नाव नव्हतं. ती थांबलेल्यांच्या यादीत होती, बरीच खाली. योगराज रात्रपाळीला जाताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवून गेला. आवासात लोक विचारायचेच. जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, भाजीच्या हातगाडीवर. आप्पांकडे अशा प्रसंगासाठी वाक्यांची कमी नव्हती. "प्रक्रिया चालू आहे" म्हणता आलं असतं. "पोरीचाच विचार बदलला" म्हणता आलं असतं. आप्पा म्हणाले, "नाव नही उनं." लोक गोंधळून पुढचं वाक्य यायची वाट बघायचे, आणि ते येत नसे. चंचलने सुरतेतच फिजिओथेरपीचा अर्ज भरला. भरताना ती रडली नाही, पण दोन दिवस जेवली नाही, आणि तिला जेव म्हणायला गेलेल्या आप्पांना स्वतःलाही घास उतरला नाही.

मग एका दुपारी फोनवर निरोप आला. वरच्यांपैकी काही दुसरीकडे गेले होते, यादी सरकत सरकत चंचलपर्यंत आली होती. जागा मिळाली होती. चंचलने निरोप दोनदा वाचला, मग आजीला वाचून दाखवला. उषाबाईंनी हातातली कणीक तशीच ठेवली आणि तिला जवळ घेतलं. योगराजला कंपनीत फोन लावला तर त्याने तिथल्या तिथे सगळ्या खात्याला ओरडून सांगितलं.

आप्पांचं व्रत तिथेच सुटलं. ते फोन घेऊन गच्चीवर गेले आणि नवापूर, शिंदखेडा, कापडणे, बडोदा असे सगळे गाठले. खाली ऐकू येत होतं. "तसं म्हणाल तर यादी केव्हाच लागली होती," आप्पा कुणालातरी सांगत होते, "पण आमच्या चंचलसाठी कॉलेज थांबून राहिलं." उषाबाईंनी कपाळावर हात मारला. चंचल हसली. हसताना तिचे डोळे भरून आले होते.

आप्पा खाली आले तेव्हा उषाबाईंनी चहा केला होता. "पोरी, आते तरी सांग," उषाबाई म्हणाली. "तठे काय बोलनी तू?"

चंचलने सांगितलं. स्वतःविषयी सांग म्हणाल्यावर तिने गजेंद्रभाऊंपुढे सांगितलं होतं तेच सांगितलं, भात सोडून. मग मधल्या मॅडमनी विचारलं, तुझ्यात काय कमी आहे? ती म्हणाली, मी खरं बोलते, पण ते ऐकून माणूस खचतो. मला धीर देता येत नाही. आमच्या घरात ते फक्त माझ्या आजोबांना येतं.

आप्पांनी कप खाली ठेवला.

मग मॅडमनी विचारलं, आजोबा काय करतात? ती म्हणाली, मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालायचे, आता लोकांच्या ओळखी करून देतात. माणूस आहे त्यापेक्षा थोडा मोठा करून सांगतात. आम्ही त्यांना हसतो. पण आमच्या गल्लीतला किसन दारू प्यायचा, त्याला ते एकदा सगळ्यांसमोर निर्व्यसनी म्हणाले. त्याला इतकी लाज वाटली की तो तसा झाला. खरं ओळखायला मला येतं. ओळखल्यावर त्या माणसाला उभं कसं करायचं, ते मला आजोबांकडून शिकायचं आहे.

आप्पांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. हजारो लोकांची ओळख त्यांनी करून दिली होती. त्यांची कुणी करून दिली नव्हती, आणि दिली ती अशा खोलीत, जिथे ते नव्हते, अशा लोकांपुढे, जे त्यांना कधी भेटणार नव्हते.

"आते समजनं का," उषाबाई हळूच म्हणाली, "लोकेस्ले कसं वाटस ते?"

आप्पांनी मान हलवली. मग नातीकडे वळून लहान पोरासारखं विचारलं, "आखो काय सांगं?"

"बस, इतलंच."

"इतलंच?" आप्पा जरा हिरमुसले. मग म्हणाले, "एकदाव आखो सांग."

आणि चंचल, जी एक गोष्ट कधी दोनदा सांगत नसे, तिने ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही.